मोडी अक्षर एकदाच पाहून ओळखणं: माणूस विरुद्ध यंत्र, प्रयोग कसा मांडावा?

कर्वेरोड: मंडळी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. माणूस नवं अक्षर एकदा पाहून दुसऱ्याच्या हस्ताक्षरातही ओळखतो, यंत्राला हजारो नमुने लागतात. हा फरक मराठी अक्षरांवर मोजायचाय. चाचणी कशी घ्यावी, मॉडेल कोणतं? हाताशी साधा लॅपटॉप आणि दोन महिने.

मुळाकाठ: परीक्षेला देवनागरी नको. पुण्यात ती सगळ्यांनाच येते, मग अक्षर नवं राहिलं कुठं? मोडी घ्या. संशोधक ब्रेंडन लेक आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या ऑम्निग्लॉट (अनेक लिप्यांतल्या हस्तलिखित अक्षरांचा संच) प्रयोगाची मांडणी उचला: वर एक अक्षर, खाली दुसऱ्या हाताची २० अक्षरं, त्यातलं जुळणारं शोधायचं. नुसत्या अंदाजानं ५ टक्के बरोबर येतात. त्या प्रयोगात माणसं साधारण ४.५ टक्के चुकली होती.

२० अक्षरं, २० लिहिणारे. छापील मोडी पाहून काढलं तरी चालतं. वळणाबद्दल शंका आली तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. मात्र ज्यांनी लिहिलं त्यांना चाचणीला बसवू नका. फिक्या निळ्या २ सेंटिमीटरच्या चौकटी, काळं पेन, ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन. रंगीत चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचं असतं; त्यातला फक्त निळा थर (चॅनल) घेतला की चौकट पांढऱ्यात विरते, शाई उरते.

पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून अक्षरं कापायचा मोह टाळा. हात न उचलता लिहिलेली मोडी सुटी करणं हाच वेगळा प्रकल्प आहे.

कर्वेरोड: आणि मॉडेल? ९२,००० चित्रांचा नेपाळमधला देवनागरी संच मिळालाय.

पाषाणटेकडी: शिकवायला उत्तम. ४६ वर्ग (म्हणजे वेगवेगळी अक्षरं आणि अंक), प्रत्येकी २,००० चित्रं, ३२×३२ पिक्सेल. त्यात ळ नाही, पण परीक्षा मोडीची असल्यानं अडत नाही. प्रोटोटिपिकल नेटवर्क घ्या, म्हणजे चित्राचे आकडे करून जवळचा नमुना शोधणारं मॉडेल: चार कन्व्होल्यूशन थर (चित्रातले बारीक आकार टिपणारे), प्रत्येकी ६४ फिल्टर, प्रत्येकानंतर २×२ मॅक्सपूल (चित्राची लांबी-रुंदी निम्मी करणारी पायरी). ३२ चे शेवटी २ उरतात, म्हणजे एका अक्षराचे २×२×६४ = २५६ आकडे. नमुन्याच्या सर्वांत जवळ असेल ते उत्तर. लॅपटॉपवर आरामात चालेल.

तयार कोडमध्ये चित्र आरशासारखं उलटवण्याची सोय असेल तर ती आधी बंद करा. छत्तीसचा आकडा आठवा: ३ उलटवला की ६ दिसतो, लेबल (चित्राला दिलेलं नाव) मात्र ३ च राहतं, आणि मॉडेल दोघांची गल्लत करायला लागतं. फिरवायचं तर १० अंशांपर्यंत. आणि त्या संचात काळ्यावर पांढरी अक्षरं आहेत, तुमच्या स्कॅनमध्ये उलट. स्कॅनचा काळा-पांढरा रंग उलटा करून रेघेची जाडी जुळवली नाहीत तर निकाल कोसळेल आणि दोष मॉडेलवर जाईल.

मुळाकाठ: एक गोष्ट कळकळीनं सांगतो. चाचणीला बसलेला माणूस कोरी पाटी नसतो, त्यानं वर्षानुवर्षं अक्षरं गिरवलेली असतात. म्हणून तीन मॉडेलं तपासा: अजिबात न शिकवलेलं, फक्त १० अंक शिकलेलं, सगळे ४६ वर्ग शिकलेलं. खरं उत्तर या तिघांमधल्या फरकात आहे. माणसांना प्रत्येकी १० प्रश्न, एक अक्षर एकदाच. देवनागरीसारखी दिसणारी अक्षरं वेगळी मोजा.

कर्वेरोड: मोडीत डोक्यावरची रेघ आधी ओढतात ना? ती चौकटीत छापू का?

मुळाकाठ: छापा, पण त्याच फिक्या निळ्या रंगात. लिहिणाऱ्याला उंची कळते, स्कॅनमध्ये ती विरते. सगळ्या अक्षरांत सारखीच असलेली रेघ ओळखायला तशीही उपयोगाची नाही.