दक्षिण आफ्रिकेत स्वतः गाडी चालवावी की नाही?

रानवाटा:
दक्षिण आफ्रिकेत भाड्याची गाडी घेऊन फिरू नका, असं हल्ली जो तो सांगतो. मला हे पटत नाही. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, महामार्ग उत्तम, आणि क्रूगरच्या जंगलात आपल्या गाडीने हवं तिथे थांबून हत्ती बघण्याची मोकळीक दुसरीकडे सहसा मिळत नाही. लूटमार होते, पण तिच्या ठरलेल्या तऱ्हा आहेत. सिग्नलला उभ्या गाडीची काच फोडून सीटवरची पर्स पळवतात, म्हणून सामान निघण्याआधीच डिकीत टाकावं. पार्किंगमध्ये पोचून बॅगा डिकीत कोंबल्या तर टपलेल्याला सगळं कळतं. पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवून थांबावं, म्हणजे वेळ आली तर बाजूने काढता येते. चोर जॅमरने रिमोटचा सिग्नल अडवतात आणि गाडी लॉकच होत नाही, म्हणून लॉक केल्यावर दार हाताने ओढून बघावं. आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा. एवढं सांभाळणाऱ्याने खुशाल जावं.

कृष्णाकाठची:
नाही हो, एवढ्याने भागत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये क्रूगरच्या नंबी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर जर्मन पर्यटकांची गाडी अडवली, तीही दिवसाउजेडी. दार उघडा म्हणाले, चालवणाऱ्याने दारं लॉक केली, आणि त्याला गोळी घातली. तुमच्या यादीतलं त्याने काय मोडलं होतं? मुलंबाळं घेऊन जाणाऱ्यांना "खुशाल जा" म्हणू नका. तिथलाच चालक असलेली गाडी घ्यावी.

रानवाटा:
ताई, ती घटना मीही विसरलेलो नाही. पण क्रूगरला गेटं बरीच आहेत. एन-4 महामार्गाने मलेलेन गेटला जाता येतं, नंबीचाच रस्ता धरायची गरज नाही. समोर पिस्तूल आलं तर मात्र लॉक, हुज्जत काही नको. हात दिसतील असे ठेवायचे, पट्टा सोडतोय हे आधी बोलून दाखवायचं, गाडी देऊन टाकायची. लहान मूल असेल तर त्याला चालकाच्या मागच्या सीटवर बसवावं. उतरल्या उतरल्या दार उघडून काढून घेता येतं.

जोबर्गकर:
मी इथे राहतो. माझं म्हणणं दोघांहून जरा वेगळं आहे. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता दाखवतं, सुरक्षित रस्ता नाही. ऑगस्ट 2023 मध्ये टॅक्सीवाल्यांच्या संपात केप टाउन विमानतळाजवळ वाट चुकून न्यांगा वस्तीत शिरलेला एक ब्रिटिश डॉक्टर गोळीबारात गेला. म्हणून रस्ता आदल्या रात्रीच लॉजवाल्याला विचारून पक्का करा. निळा दिवा लावून तोतया पोलीसही गाडी अडवतात. शंका आली तर चारी इंडिकेटर लावून हळूहळू पेट्रोल पंपापर्यंत किंवा पोलीस ठाण्यापर्यंत जा, मग थांबा. पोलिसांचा नंबर 10111, मोबाइलवरून 112.
आणि एक विनंती. न्यांगातल्या सगळ्या माणसांना चोर ठरवू नका. तिथल्या गुन्ह्यांची सर्वांत जास्त झळ तिथेच राहणाऱ्यांना बसते.

मुक्काम_पोस्ट:
चालक ठेवणं मला खटकतं. धोका टळत नाही, आपल्याऐवजी दुसऱ्याच्या पोटच्या पोराला पुढे बसवतो इतकंच.

कृष्णाकाठची:
असं कसं म्हणता? कुठल्या वळणावर थांबायचं नाही, हे त्याला रोजच्या वावराने ठाऊक असतं. आपल्याला ते वाचून येणार नाही. त्यामुळे आपण दोघंही सुखरूप पोचण्याची शक्यता वाढते. मोबदला मात्र पुरेपूर द्यावा, आणि रात्री उशिरा त्याला एकट्याला परत पाठवू नये.

जोबर्गकर:
हे मान्य. जोहान्सबर्गच्या विमानतळावरून काही वेळा गाडीचा पाठलाग होतो, तेव्हा उतरल्या दिवशी गाडी घेऊच नका. गौट्रेन या विमानतळावरून सुटणाऱ्या जलद रेल्वेने शहरातल्या सँडटन भागात जा, झोप काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून गाडी घ्या. पुढे क्रूगरपर्यंत स्वतः चालवायला माझी हरकत नाही.

कृष्णाकाठची:
माझी आहे. पण पहिल्या रात्रीचं पटलं.