नॅनोफायबरचा सेन्सर वाफ न देताच उजेड बदलतोय, रीडिंग कुठलं धरू?

पन्हाळ्याचा_वारा
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. नायलॉन-6 फॉर्मिक ॲसिडमधून इलेक्ट्रोस्पिन करून (विजेच्या दाबानं बारीक धागे ओढून) जाळी काढली, मग फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या डायच्या इथेनॉल सोल्युशनमध्ये बुडवून वाळवली. शिरोलीकडच्या फाउंड्र्यांत कोल्ड बॉक्सला (साच्यातला वाळूचा कोअर न तापवता घट्ट करायची पद्धत) ट्रायइथाइल अमाइन वापरतात, त्याची वाफ पकडायची आहे. अमाइनच्या बाटलीच्या तोंडावर जाळी धरली की निळ्या एलईडीखाली हिरवा उजेड झपकन वाढतो, बघायला लई भारी वाटतं, पण नुसती ठेवली तरी तो हळूहळू उतरतो आणि पावसात तर वाफ नसताना पण चढलेला असतो. खरं रीडिंग कुठलं? आणि काचेवर साधी फिल्म का नको असं सर विचारायलेत.

स्पेक्ट्रोवाली
फिल्ममध्ये वाफ वरच्या थरातच अडकते, आतल्या डायपर्यंत पोचायला वेळ लागतो. जाळीचे धागे काहीशे नॅनोमीटरचे, मधून हवा आरपार, म्हणून रिस्पॉन्स पटकन. 1998 ला एमआयटीत स्वॅगर यांच्या ग्रुपनं टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारं पॉलिमर केलं त्यातही रेणूंत मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली. तिथं टीएनटी इलेक्ट्रॉन ओढून घेतं नि उजेड विझतो, तुझ्याकडं अमाइन डायचा प्रोटॉन काढतं म्हणून वाढतो. उतरतोय ते फोटोब्लीचिंग (उजेडानंच डाय खराब होणं) असणार, एलईडी रीडिंगपुरताच लाव. डाय पण जाड चढवू नको, रेणू दाटीनं बसले की एकमेकांचाच उजेड मारतात.

कळंबा_लॅब
भावा, नायलॉन दमट हवेतलं पाणी ओढतं, पावसात बेसलाइन (वाफ नसतानाचं रीडिंग) हलणारच. आधी नुसत्या पाण्यावरून नेलेली हवा सोड, मग तेवढ्याच दमट हवेतून अमाइन, दोन्हीतला फरक तोच तुझा सिग्नल. हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा) जाळीच्या डब्याच्या आतच ठेव, खोलीतला आकडा काय कामाचा नाही. आणि फॉर्मिक ॲसिड पूर्ण उडालंय का बघ की, धाग्यात राहिलं असलं तर अमाइन आधी त्यालाच भिडतं आणि डायपर्यंत कमीच पोचतं. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये चांगली वाळव.

कोअरशॉपवाला
मी कोअरशॉपातच असतो. गॅसिंग (कोअरमधून अमाइनची वाफ सोडणं) झालं की सडक्या माशासारखा वास येतो, पण थोड्या वेळानं नाक सरावतं आणि कळेनासं होतं. जास्त झालं तर डोळ्यांपुढं धुरकट, दिव्याभोवती कडं दिसायला लागतं, त्यामुळं असला सेन्सर आमाला खरंच पायजे. फक्त एक बघ, बऱ्याच ठिकाणी कोल्ड बॉक्सच्या शेजारीच शेल मशीन (तापवून कोअर करणारं) असतंय, त्याच्या रेझिनमधल्या हेक्झामाइननं तापल्यावर अमोनिया सुटतो आणि तुझी जाळी त्यालाही उजळणार. शेल बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा घे. जमलं तर ॲसिडच्या स्क्रबरच्या (हवेतलं अमाइन धुऊन काढणारं यंत्र) आधी आणि नंतर पण लाव, स्क्रबर काम करतोय का नाही तेवढं कळलं तरी आमचं मोठं काम होईल.