वजनाचा काटा अडकलाय म्हणून उपास नको
आठ किलो उतरल्यावर महिनाभर काटा हलला नाही, तर जेवण आणखी कमी करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको. ८० किलोच्या शरीराला जेवढी ऊर्जा लागायची, तेवढी ७२ किलोच्या शरीराला लागतच नाही. शिवाय कमी खाल्लं की नकळत हालचालही मंदावते. लिफ्ट घेतली जाते, बसणं वाढतं. आधी आठवडाभर सगळं मोजून लिहा, चव बघताना खाल्लेला घाससुद्धा. एक मोठा चमचा तेल म्हणजेच जवळपास १२० कॅलरी होतात! प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम मात्र सोडू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि कंबर मोजताय ना? व्यायाम नवा असेल तर स्नायूंत पाणी धरतं, काटा तिथेच राहतो, पण पट्टा सैल होतो.