सोनं आफ्रिकेतूनच यायचं

मध्ययुगात युरोपात शहरं आणि व्यापार वाढत असताना आफ्रिका जगापासून तुटलेली होती, असं काही जण म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही. फ्लॉरेन्स आणि जिनोवाने १२५२ मध्ये सोन्याची नाणी पाडायला घेतली. त्या काळी भूमध्य समुद्राकाठच्या बाजारांत येणाऱ्या सोन्याचा मोठा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतला होता. आधी घाना आणि मग माली, या राज्यांच्या हद्दीतून ते उंटांवर लादून सहारापार जायचं.

आणि उलट्या दिशेने काय जायचं? मुख्यतः मीठ! १३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सहारा वाळवंटातल्या तेगाझा या मिठाच्या खाणींच्या गावी पोहोचला. तिथली घरंच काय, मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर छप्पर उंटाच्या कातड्याचं. आसपास एक झाड नाही. मीठ खणायला गुलाम. त्यांचं जेवण म्हणजे बाहेरून आणलेले खजूर, भरड धान्य आणि उंटाचं मांस. एका उंटावर दोन जाड लाद्या चढवायच्या. तेच ओझं सहाराच्या दक्षिण टोकाच्या वलाता गावी आठ-दहा मिस्कालांना (मिस्काल म्हणजे सोन्याचं एक वजन, सुमारे सव्वाचार ग्रॅम) जायचं आणि मालीच्या राजधानीत वीस-तीस, कधी चाळीसला. भावातली ही तफावत नीट बघा, एवढ्या लांबच्या, जीवघेण्या वाटेवर तांडे का निघायचे ते कळतं.

युरोपला याची खबरही होती. १३७५ च्या सुमाराच्या, मायोर्का बेटावरच्या नकाशात मालीचा राजा मानसा मूसा मुकुट घालून, हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवलाय. तेव्हा त्याच्या, सोन्याच्या उधळणीमुळे गाजलेल्या हजयात्रेला पन्नासएक वर्षं उलटली होती.