मदत हवी आहे: लारावेल डॉकरमधून मायएसक्यूएलला कनेक्ट होत नाहीये

मंडळी, लारावेलमध्ये (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) युजर मॅनेजमेंट करतोय, लॉगिन, रोल्स, पासवर्ड रिसेट एवढंच, अ‍ॅप आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस) दोन्ही डॉकर कंपोझवर आहेत, म्हणजे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये एकत्र चालतात. आधी डीबी होस्ट १२७.०.०.१ होता तेव्हा कनेक्शन रिफ्यूज्ड यायचं, ते समजलं, कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःच, म्हणून होस्टला कंपोझमधल्या सर्व्हिसचं नाव दिलं. आता १०४५ अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय आणि युजरनेमपुढे १७२.१८ ने सुरू होणारा आयपी दिसतो. लारावेलचा कॉन्फिग कॅश (साठवलेली सेटिंग्ज) क्लिअर केलाय, तो जुनी व्हॅल्यू धरून बसतो हे माहितीये. रूटने (मायएसक्यूएलचा मुख्य युजर) आत जाऊन बघितलं तर युजर फक्त लोकलहोस्टसाठी बनलाय, टक्केवाला (%, म्हणजे कुठल्याही होस्टवरून चालणारा) नाहीच.

कंपोझमधला मायएसक्यूएल युजर-पासवर्ड पहिल्यांदा व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) तयार होतानाच लागू होतो ना? म्हणजे एन्व्ह फाइल (सेटिंग्जची) कितीही बदलली तरी उपयोग शून्य. सगळे व्हॉल्यूम उडवून नव्याने उभं करायला सांगतात पण त्यात टेस्टिंगवाल्यांचे युजर्स आहेत, ते गेले तर माझी काही खैर नाही 😅

रूटनेच टक्केवाला युजर क्रिएट करून त्या एकाच डेटाबेसवर ग्रँट (परवानगी) दिला तर पुरेल का? आणि लोकलहोस्टवाला ठेवू की ड्रॉप करू? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.