मदत हवी आहे: मिनेसोटात ग्राउसची शिकार शिकायची आहे, सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी डुलूथला राहते, एच-वन-बी व्हिसावर आहे. इथे आल्यापासून रानात चालायचा नाद लागलाय. एप्रिलमध्ये पहाटे एक आवाज ऐकला. सुरुवातीला धप्... धप्... असा सावकाश, मग वेग वाढत वाढत एकदम घरघर आणि पुन्हा शांतता. कानाआधी छातीला जाणवतो. कुठून येतोय तेही कळत नाही. शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, हा रफ्ड ग्राउसचा नर. पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून नुसते पंख हवेत झोडपतो, आठ-दहा सेकंदांत पन्नासच्या आसपास वेळा. माद्यांना बोलवायला आणि आपली हद्द सांगायला.

तेव्हापासून या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचतेय. आकाराने साधारण गावठी कोंबडीच्या तलंगेएवढा, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. हिवाळ्यात बोटांच्या कडेला कंगव्यासारखे दाते फुटतात, त्यांच्यावर तो बर्फातून चालतो. भुसभुशीत बर्फ पुरेसा खोल असेल तर सरळ त्यात सूर मारतो आणि आत रात्र काढतो. आणि इथल्या लोकांच्या शरद ऋतूचा अर्धा जीव या पक्ष्याच्या शिकारीत असतो हेही कळलं.

मी मांस खाते. जे खाते ते एकदा तरी स्वतः रानातून मिळवावं, स्वतः साफ करावं, असं फार मनापासून वाटतं. घरी किंवा नात्यात कुणी कधी बंदूक हातात धरलेली नाही. आजोबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे ते बरोबर येऊ शकत नाहीत.

मला पडलेले प्रश्न असे: व्हिसावर असताना बंदुकीला हात लावणं कायदेशीर आहे का? परवान्याआधी प्रशिक्षण घ्यायचं की उलट? माझी उंची कमी आहे, तर कुठली शॉटगन? कुत्रा नाही आणि अपार्टमेंटमध्ये पाळताही येणार नाही, मग कुत्र्याशिवाय ग्राउस मिळतो का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, एवढ्या रानात तो शोधायचा कुठे? ट्रेलवर चालताना मला आजवर फक्त उडून गेल्याचा धडधडाट ऐकू आलाय.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद – रानवाट

ताई, सगळ्यात आधी कागदपत्रांचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत क्रम चुकला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. नुसती विकत घेण्याला नव्हे, बाळगण्याला. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही यात येऊ शकतं. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्नच येत नाही. म्हणून आधी परवाना, मग बंदूक. मिनेसोटाचा स्मॉल गेम (पक्षी आणि लहान प्राण्यांच्या शिकारीचा) परवाना 1 मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. तो संपला की अपवादही संपला, तेव्हा घरात बंदूक असेल तर नूतनीकरणात एक दिवसाचीही फट पडू देऊ नका. दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म 4473 भरताना परवान्याची प्रत आणि आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) क्रमांक लागतो. विकत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच, कंपनीच्या वकिलाला नको, स्वतःच्या.

परवान्यासाठी: 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात फायरआर्म्स सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. प्रौढांसाठी ऑनलाइन कोर्स आहे, डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) साइटवर मिळेल. घाई असेल तर अप्रेंटिस हंटरचीही सोय आहे, त्यात प्रमाणपत्राशिवाय परवानाधारक शिकाऱ्याबरोबर जाता येतं, पण आयुष्यात दोनच हंगाम. माझं मत विचाराल तर कोर्सच करा. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करायची, नळी कुणाकडेही वळू द्यायची नाही, हे एकदा अंगात भिनलं की सुटत नाही. साठ दिवस मिनेसोटात राहिला असाल तर रहिवाशाच्या दरात परवाना मिळू शकतो, व्हिसावर असताना तो मिळतो का ते डीएनआरला विचारून घ्या.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो तो नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत. दिवसाला पाच पक्षी, एकूण जवळ दहा. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्या वर्षीची नियमपुस्तिका बघा. कमरेच्या वर निदान एक कपडा भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवा. मी तर टोपी आणि जाकीट दोन्ही केशरी घालतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांचा रायफल हंगाम सुरू होतो. ते दिवस नव्या माणसाने सोडून द्यावेत.

आता रान.

ग्राउसला मोठमोठ्या झाडांचं, खालून मोकळं, फोटोत सुंदर दिसणारं जंगल नको असतं. त्याला कोवळं रान लागतं. जिथे दहाएक वर्षांपूर्वी अॅस्पेनची तोड झाली आणि मुळांतून पुन्हा दाट फूट आली, खोडं मनगटाएवढी जाड झाली, माणसाला आडवं होऊन आत घुसावं लागतं, अशी जागा. वरून ससाणा-घुबड झेपावू शकत नाही म्हणून त्याला ती आवडते. डीएनआरच्या नकाशांत तोडीच्या जागा आणि शिकाऱ्यांसाठीचे हंटर वॉकिंग ट्रेल्स दोन्ही दाखवलेले असतात. उपग्रह चित्रावरही कोवळ्या अॅस्पेनचा रंग आणि पोत वेगळा ओळखू येतो. तुमच्यापासून उत्तरेला सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट आहे, पश्चिमेला ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला चिपेवा. जागांची कमी नाही.

पण नुसतं कोवळं रान पुरत नाही, कड शोधा. कोवळं अॅस्पेन जिथे आल्डरच्या ओल्या पट्ट्याला भिडतं, जिथे जुन्या लाकूडतोडीच्या वाटेवर क्लोव्हर उगवलेलं असतं, जिथे डॉगवूडची पांढरी किंवा हायबुश क्रॅनबेरीची लाल फळं लटकत असतात. पक्षी अशा जोडावर सापडतो. सकाळी ऊन चढल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडण्याच्या तासभर आधी ते वाटांवर खडे टिपायला आणि क्लोव्हर खायला येतात.

कुत्र्याशिवाय मिळतो. चालायची पद्धत मात्र बदलावी लागेल. ट्रेलवर फिरायला जाणारा माणूस एका लयीत चालतो आणि ग्राउस त्या लयीला शांत बसून पुढे जाऊ देतो. वीस-तीस पावलं चाला आणि थांबा. नुसतं क्षणभर नाही, अर्धा मिनिट तरी. आपल्याला पाहिलं असं पक्ष्याला वाटतं आणि तो धीर सोडतो. बहुतेक वेळा तुम्ही थांबलेल्या असता तेव्हाच उडतो, नाहीतर पुन्हा पहिलं पाऊल उचलता तेव्हा. म्हणून थांबाल ती जागा अशी निवडा की दोन्ही हात मोकळे हलतील आणि समोर एखादी फट असेल. उडालेला पक्षी फार लांब जात नाही. कुठल्या दिशेला वळला ते बघून ठेवा आणि शांतपणे त्याच्या मागावर जा, दुसरी संधी मिळते.

सप्टेंबरमध्ये पानं एवढी असतात की आवाज येतो आणि पक्षी दिसतच नाही. ऑक्टोबरचा मध्य, पानगळ झाल्यावर, नव्या माणसासाठी सगळ्यात चांगला.

प्रतिसाद – उत्तरगोलार्ध

वरच्या प्रतिसादाला +१. बंदुकीबद्दल मी लिहिते, कारण माझीही उंची पाच फुटांच्या आसपास आहे.

ट्वेंटी गेज (नळीच्या व्यासाचं माप) घ्या. आधी दस्ता अंगाला बसतो का ते पाहा, बाकी सगळं नंतर. दस्ता लांब असला तर घाईत काखेत अडकतो, आणि ग्राउस तुम्हाला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ देत नाही. तरुणांसाठी आणि स्त्रियांसाठी आखूड दस्त्याच्या येतात. जाडे कपडे घालून दुकानात जा आणि खांद्याला लावून बघा. फार हलकी घेऊ नका, धक्का जास्त बसतो. चोक (नळीच्या तोंडाची आवळण) मोकळा ठेवा, सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, आणि छर्रे साडेसात किंवा आठ नंबरचे. पक्षी वीस-पंचवीस यार्डांच्या आतच असतो, त्यापुढे झाडीच काही दिसू देत नाही.

तुमचा प्रबळ डोळा कुठला ते तपासा. हात लांब करून दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करा, दूरची वस्तू तिच्यातून बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो आणि मग नेम सतत एका बाजूला जातो. परवाना हातात आला की उन्हाळाभर स्कीट रेंजवर क्ले टार्गेट (हवेत फेकलेल्या चकत्या) फोडा. बंदूक आधीच खांद्याला लावून नव्हे, खाली धरून मग उचलायचा सराव करा.

खाली, डोक्याच्या उंचीवर उडालेल्या पक्ष्यावर बार टाकू नका. झाडीत पलीकडे कोण आहे ते कळत नाही. मागे आकाश दिसलं तरच. आणि साधा का होईना, चष्मा हवाच. आल्डरची फांदी डोळ्यात जाणं हा या शिकारीतला सर्रास होणारा अपघात आहे. घरी आल्यावर गोचिड्या तपासा, लाइम रोग पसरवणारी गोचीड ऑक्टोबरमध्येही चालती-फिरती असते.

प्रतिसाद – माळरान

माफ करा, पण मला हे पटत नाही. एवढं सुंदर वर्णन केलंत त्या नराचं आणि त्यालाच मारायचं? आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही.

प्रतिसाद – रानवाट

तुमची भावना समजते. भारतातली परिस्थिती वेगळी होती आणि ती बंदी योग्यच आहे. इथे गणित वेगळं आहे. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन, रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव आणि अधिवासासाठी जातो. ग्राउसची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वर-खाली होते. दर वसंतात डीएनआरची माणसं ठरलेल्या मार्गांवर थांबून तोच पंखांचा आवाज मोजतात. पक्षी कमी होतो तो प्रामुख्याने कोवळं रान म्हातारं झालं की. ज्या जागी शार्प-टेल्ड ग्राउस खालावला तिथे, राज्याच्या पूर्व-मध्य भागात, 2021पासून त्याचा हंगाम बंद ठेवलाय. तरीही एखाद्याला मारणं नकोच वाटत असेल तर त्याचा मी आदर करतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. माळरान, तुमचा प्रश्न मलाही पडतो आणि त्यावर विचार चालू आहे. विकतची कोंबडी खाताना मात्र तो पडत नव्हता, आणि तेच मला जास्त खटकतं.

कोर्सला नाव नोंदवलंय. परवाना येईपर्यंत बंदुकीला हात लावणार नाही. अजून दोन शंका. शार्प-टेल्ड आणि स्प्रूस ग्राउस वेगळे कसे ओळखायचे? आणि पक्षी मिळालाच तर पुढे काय करायचं?

प्रतिसाद – उत्तरगोलार्ध

रफ्डची शेपटी पंख्यासारखी उघडते आणि टोकाशी काळपट पट्टा असतो. स्प्रूस जास्त गडद, शेपटीच्या टोकाला तपकिरी-केशरी कड, नराच्या डोळ्यावर लाल भुवई, आणि तो काळ्या स्प्रूसच्या रानात माणसाला न घाबरता बसून राहतो. मिनेसोटात दोन्ही चालतात, पण मिशिगनला गेलात तर स्प्रूस संरक्षित आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. शार्प-टेल्ड उघड्या गवताळ जागेत असतो आणि त्याची शेपटी टोकदार, फिकट असते. ओळख पटली नाही तर बार नाही.

पक्षी पडला की नजर त्या जागेवरून हलवू नका. पानांच्या रंगात तो असा मिसळतो की दोन पावलांवरून दिसत नाही. टोपी तिथेच टाका आणि तिच्याभोवती गोल गोल शोधा. लगेच साफ करून थंड होऊ द्या, एक पंख घरी पोचेपर्यंत अंगाला राहू द्या.

आणि गळ्याची थैली उघडून बघा. मी प्रत्येक वेळी बघते. मागच्या ऑक्टोबरमधल्या एकीत क्लोव्हरची तुकडे केलेली पानं, जंगली स्ट्रॉबेरीची पानं आणि हेझलचे पुढच्या वर्षीचे तुरे निघाले, सगळं ताजं, हिरवंगार. उरलेला दिवस कुठे चालायचं ते त्या थैलीने सांगितलं: हेझलच्या कडेने.

मांस पांढरं आणि चरबी जवळपास नाही. आपला झणझणीत रस्सा त्याची चव मारून टाकतो. छातीचे तुकडे तुपात, ठेचलेला लसूण आणि मिरी घालून, आतून जेमतेम शिजेपर्यंतच. पायांचं सूप. शिजवण्याआधी बोटांनी चाचपून छर्रे काढा, आणि पिसं छर्‍याबरोबर आत गेलेली असतात तीही.

मी क्लोकेच्या बाजूला राहते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाणार आहे. तुमचा परवाना तोवर हातात आला तर बरोबर या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.