अलास्का क्रूझ, आईबाबा सोबत : मोठं जहाज घ्यावं की छोटी बोट?

सांजवात

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा पुण्याहून आमच्याकडे सॅन होजेला येतायत, आणि तेव्हा सगळ्यांनी मिळून अलास्काची क्रूझ करायची असं ठरलंय. पण बोट कुठली यावर दोन महिने झाले गाडी अडलीय. नवऱ्याचं म्हणणं छोटीच घ्यायची, साठ-सत्तर माणसांची, ती खाड्यांमध्ये आत आत जाते, किनाऱ्यावर अस्वल दिसलं की तिथेच थांबते, मोठ्या जहाजावर बसून नुसतं जेवायला आणि शो बघायला अलास्काला कशाला जायचं. मला त्याचं पटतं पण आईबाबांकडे बघितलं की धीर होत नाही.

बाबा ७५, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत, सपाटीला छान चालतात पण जिना आला की थांबतात. आई ७०, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तिला बोट लागते. लहानपणी सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून स्टीमरने रत्नागिरीला आजोळी जायची, रात्रभर उलट्या व्हायच्या ते तिला अजून आठवतं, त्यामुळे क्रूझ म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न "हलते का गं ती?" मुलं ९ आणि ५. छोट्या बोटीचे दर मोठ्या जहाजातल्या साध्या केबिनच्या चौपट-पाचपट दिसतायत, तेही खर्च करू एकदा, पण मग ते दोघं केबिनमध्येच बसून राहिले तर मला फार वाईट वाटेल. हे त्यांचं पहिलं आणि बहुतेक शेवटचं असं मोठं फिरणं आहे. कुणी दोन्हीपैकी काही केलं असेल तर प्लीज मोकळेपणाने सांगा.

निळाई

आम्ही २०२३ च्या जूनमध्ये सासूसासऱ्यांना घेऊन मोठ्या जहाजाने गेलो होतो, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत, सात रात्री, चार हजाराच्या आसपास प्रवासी. वयस्कर माणसांसाठी सोय म्हणशील तर शंभर टक्के. लिफ्टच लिफ्ट, दवाखाना, डॉक्टर, नर्स, रुंद कॉरिडॉर, जागोजागी बसायला खुर्च्या. माझे सासरे सकाळी सहाला उठून चहाचा कप घेऊन काचेपाशी जाऊन बसायचे ते नाश्त्यापर्यंत, त्यांना दुसरं काही नकोच होतं. मुलांसाठी किड्स क्लब असतो, तुझा पाच वर्षांचाही त्यात बसेल.

जेवणाचं सांगते. बुफेत रोज एखादी डाळ किंवा भाजी आणि भात असायचाच, पण खरं जेवण मिळालं ते डायनिंग रूममध्ये. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला गाठून सांगून ठेवायचं की शाकाहारी, अंडं नाही, मासा पण नाही (मासा शाकाहारात येत नाही हे स्पष्ट सांगावं लागतं), आणि उद्याचं आज सांगायचं. आमच्या वेटरने दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना आमटी-भात, फुलकोबीची भाजी असं वेगळं करून आणलं, त्यांनी शेवटच्या दिवशी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बुकिंग करतानाही लिहून कळवायचं, जैन जेवण हवं असेल तर नक्कीच.

आता जे आवडलं नाही ते. एक म्हणजे गर्दी. स्कॅगवे हे हजारभर वस्तीचं गाव आणि त्यात एका दिवशी तीन-चार जहाजं लागलेली, रस्त्यावर माणूसच माणूस. जुनोमध्ये २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असा नियम आलाय म्हणे ते बरंच झालं, पण पाच म्हणजेही काय कमी नाहीत. दुसरं, आमचं जहाज एन्डिकॉट आर्म नावाच्या खाडीत डॉज ग्लेशियर (हिमनदी) बघायला जाणार होतं, पण पाण्यात बर्फाचे तुकडे इतके होते की कॅप्टनने बऱ्याच आधी जहाज वळवलं, ग्लेशियर लांबून पांढऱ्या पट्टीसारखा दिसला. आणि केचिकनला दिवसभर पाऊस. तिथे वर्षाला साधारण ३८०० मिमी पडतो, म्हणजे आपल्या कोकणासारखाच, फक्त गारठ्यातला. चांगले रेनकोट घ्या, छत्रीचा काही उपयोग नाही.

पण स्कॅगवेची ट्रेन चुकवू नकोस!! व्हाइट पास रेल्वे, सोन्याच्या मागे लोक क्लोंडाइकला धावले त्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली नॅरोगेज, वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. बाबांना काहीच चालायचं नाही, खिडकीत बसायचं. सासरे म्हणाले माथेरानची आठवण झाली.

दर्यागंध

तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलायला आलोय आणि तरी शेवटी वेगळंच सांगणार आहे, पूर्ण वाचा.

मी आणि बायको साधारण सत्तर जणांच्या बोटीने गेलो होतो, ऑगस्टमध्ये, जुनोहून निघून सिटकाला संपणारी. एका सकाळी समोर हंपबॅक देवमासे दिसले तर कॅप्टनने तिथेच थांबवलं, सगळे डेकवर, कुणी बोलत नव्हतं. त्यांनी पाण्यात मायक्रोफोन सोडला होता, स्पीकरवर देवमाशांचा आवाज चढत चढत गेला आणि थांबला, आणि पुढच्या क्षणी सात-आठ जबडे एकदम पाण्याबाहेर. खालून बुडबुड्यांचं गोल जाळं करून त्यात हेरिंग मासे कोंडतात आणि सगळे मिळून वर येतात. दीड तास आम्ही तिथेच होतो. वेळापत्रक असलेलं जहाज असं दीड तास थांबू शकत नाही, त्याला संध्याकाळी बंदर गाठायचं असतं. हे एवढ्यासाठी सांगतोय की तुमचे मिस्टर म्हणतात ते खरं आहे, छोट्या बोटीची गोष्ट वेगळीच.

पण आता बाबांचं बघा. आमच्या बोटीला लिफ्ट नव्हती, या आकाराच्या बऱ्याच बोटींना नसते. केबिनमधून जेवायच्या हॉलला जायला अरुंद खडा जिना, दिवसातून आठ-दहा वेळा. बोट धक्क्याला क्वचितच लागते, बाकी सगळं उतरणं रबरी होडीत, होडी हलत असते, पाय उचलून टाकायचा, किनाऱ्यावर पुन्हा गुडघाभर बूट घालून पाण्यात उतरायचं आणि शेवाळलेल्या दगडांवरून चालायचं. सगळी मजा त्यातच आहे, कयाक, जंगलातलं चालणं, आणि त्याचेच पैसे तिकिटात धरलेले असतात म्हणून ती महाग. ते काही न करता बाबा बोटीवर थांबले तर पाचपट पैसे देऊन त्यांना मोठ्या जहाजापेक्षा कमीच मिळणार, बसायला एक लाउंज आणि एक डेक. बोटीवर डॉक्टर असतोच असं नाही आणि जवळचं हॉस्पिटल कित्येक तासांवर, हे पंचाहत्तरीच्या माणसाला घेऊन जाताना मला झेपलं नसतं. शिवाय काही छोट्या बोटींना मुलांसाठी वयाची अट असते, पाच वर्षांच्या मुलाला घेतीलच असं नाही, ते आधी विचारा.

माझं मत, आईबाबांना घेऊन छोटी बोट करू नका. तुम्ही दोघं मुलं मोठी झाल्यावर करा. आणि यावेळी नवऱ्याला जुनोमध्ये ऑक बेवरून सुटणाऱ्या छोट्या व्हेल वॉचिंग बोटीचं बुकिंग करून द्या, तीन-चार तासांची असते, त्यातल्या बऱ्याच बोटींना बंद गरम केबिन असते आणि त्या धक्क्यावरूनच सुटतात, म्हणजे आईबाबाही येऊ शकतील.

कागदपत्र

सगळे बोटीवर बोलतायत, मी व्हिसाचं सांगतो कारण त्यावरून आमच्या ओळखीच्यांची अख्खी ट्रिप गेली. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकेच्या बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, मध्ये एक परदेशी बंदर लागतं. मोठी जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा झेंड्यांची. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारं जहाज सहसा शेवटच्या संध्याकाळी कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतं, आणि व्हॅंकूव्हरहून निघणारं तर कॅनडातूनच निघतं. आईबाबा भारतीय पासपोर्टवर, टुरिस्ट व्हिसावर येणार ना? मग त्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणार. व्हिक्टोरियाला खाली उतरणार नाही म्हटलं तरी लागतो, आणि तो नसेल तर पहिल्या दिवशी जहाजावरच घेत नाहीत. अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एन्ट्री आहे का बघा. तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर असाल तर भारतीय पासपोर्ट आणि कार्ड पुरतं, एच वन वर असाल तर तुम्हालाही व्हिसा. दर्यागंध यांची बोट अमेरिकी झेंड्याची असणार, म्हणून त्यांना हे लागलं नाही.

आईबाबांचा अर्ज पुण्याहूनच करा, निघायच्या चार-पाच महिने आधी. इथे आल्यावर करू म्हणू नका.

फिरंगोजी

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, आता पुण्यातच असतो. बोट लागण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण ताईंच्या आईची तीच मुख्य भीती दिसते.

मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे फिन असतात, स्टॅबिलायझर. जहाज डावीकडे कललं की ते फिरून उलटा जोर लावतात. पण ते काम करतात पाणी त्यांच्यावरून वाहत असतं म्हणून, म्हणजे जहाज वेगात असतानाच, आणि ते आडवं डोलणं कमी करतात, पुढून लाट आली की नाक वरखाली होतं ते फिनने फारसं थांबत नाही. म्हणून केबिन महत्त्वाची. सी-सॉसारखं समजा, टोकाला बसलेला सगळ्यात जास्त उचलला जातो. तेव्हा लांबीच्या मध्यावरची आणि जमेल तितकी खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. एजंट वरच्या मजल्याची बाल्कनी भारी म्हणून गळ्यात मारेल, ती घेऊ नका.

पण त्याहून महत्त्वाचा मार्ग. सिअ‍ॅटलची बरीच जहाजं व्हॅंकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, एक दिवस तरी मोठी लांब लाट लागते. व्हॅंकूव्हरहून निघालेलं जहाज सहसा बेटाच्या आतल्या बाजूने जातं, दोन्हीकडे डोंगर, पाणी तळ्यासारखं. त्याच वाटेवर सीमोर नॅरोज म्हणून चिंचोळी जागा आहे, भरती-ओहोटीला तिथे पाणी पंधरा नॉटपर्यंत (ताशी साधारण अठ्ठावीस किलोमीटर) धावतं, म्हणून जहाजं भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ गाठून जातात. तिथे पाण्याखाली एक खडक होता रिपल रॉक नावाचा, कित्येक बोटी त्याने खाल्ल्या, शेवटी ५ एप्रिल १९५८ ला खालून बोगदा खणून तो उडवला. बाबांना सांगा, आवडेल त्यांना. बेट संपल्यावर पुढे थोडा वेळ उघडा समुद्र लागतोच, त्या तेवढ्या तासांसाठी आईंनी गोळी आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा होत नाही. कुठली गोळी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, या वयात स्वतःच्या मनाने नको.

आणि मोठं की छोटं एवढ्यावरच का अडलात? साधारण दोन हजार प्रवाशांची मधली जहाजं असतात, त्यांना लिफ्ट, डॉक्टर सगळं असतं आणि जेट्टीवरची रांग निम्मी. मुख्य म्हणजे मार्गात ग्लेशियर बे असं नाव लिहिलंय का ते बघा. त्या नॅशनल पार्कमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी जहाजं सोडतात, त्यामुळे सगळ्यांना ते मिळत नाही. पार्कचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हॅंकूव्हरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिलं तेव्हा इथे खाडी म्हणायला जेमतेम खाच होती, बाकी सगळा बर्फ, आता तो साठ-पासष्ट मैल मागे हटलाय. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबून हळूहळू गोल वळतं, म्हणजे ज्या बाजूची केबिन असेल तिथून दिसतं. अडीचशे फुटी बर्फाची भिंत. कडा सुटून पडतो तो आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. कुणालाही एक पायरी उतरावी लागत नाही.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला, दर्यागंध यांचं शेवाळलेल्या दगडांचं वाचल्यावर तो गप्पच झाला, मग म्हणाला आपण दोघं नंतर जाऊ. तर व्हॅंकूव्हर ते व्हॅंकूव्हर, सात रात्री, दोन हजारवालं जहाज, ग्लेशियर बे असलेलं, असं जवळपास ठरतंय. आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, आईबाबांचा कॅनडाचा अर्ज या महिन्यातच भरायला भावाला सांगितलंय.

आईला फोनवर सीमोर नॅरोज आणि मधल्या केबिनचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते ठीक आहे, पण पडावात उतरायचंय का तेवढं विचार." रत्नागिरीला स्टीमर लांब समुद्रात उभी राहायची आणि तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावं लागायचं, खलाशी खालून हात धरायचे, वरून मामा सोडायचा, ते तिच्या मनातून गेलेलं नाही. काका, इथे तसं काही असतं का?

फिरंगोजी

आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, बुकिंगच्या आधी हाच विचारायला हवा. जहाज धक्क्याला लागत नाही तिथे जहाजाच्याच बंद होड्यांतून नेतात, टेंडर म्हणतात. आपल्या पडावापेक्षा पुष्कळ बरं, दोन्ही बाजूला माणसं धरायला उभी असतात, पण पायरी हलती असते हे खरं. केचिकन आणि स्कॅगवेला सहसा जहाज थेट धक्क्याला लागतं, जुनोलाही लागतं पण गर्दीच्या दिवशी एखाद्या जहाजाला नांगर टाकून थांबावं लागतं. तुमच्या तारखेला तुमचं जहाज कुठल्या धक्क्यावर लावलंय ते बंदराच्या वेळापत्रकात असतं, क्रूझ कंपनीला फोन करून तिन्ही बंदरांचं विचारून घ्या, आणि धक्का मिळत नसेल तर तारीख एक आठवडा पुढेमागे करून बघा.